वाढवलेलं पात्र

पोरीनं चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं दोन्ही काचा पुसल्या, उजेडाकडे धरून एक डोळा बारीक करून पाहिलं, परत नाकावर चढवला आणि म्हणाली, "मग?" सगळा हॉल हसला. इंद्रजित गावंडेला आधी कळेचना की यात हसण्यासारखं काय झालं. परीक्षकांच्या टेबलामागे तो बसला होता, स्पर्धेतली आठवी एकांकिका सुरू होती, दुपारचं जेवण पोटात जड झालं होतं आणि मंचाकडे तो नेहमीसारखा अर्ध्याच डोळ्यानं पाहत होता. मग त्याच्या ध्यानात आलं की आपला चष्मा आपल्या हातात आहे. शर्टाचं टोक बोटांत आहे. आणि शेजारच्या विमलताई मंचाकडे नाही, आपल्याकडे पाहताहेत, पदर तोंडाला लावून. त्यानं घाईनं चष्मा चढवला. एक काडी कानावर न बसता केसांत गुंतली, ती सोडवायला आणखी थोडा वेळ गेला, आणि तेवढ्यात मागच्या रांगेतलं कुणीतरी पुन्हा हसलं.

हसणाऱ्यांची आपल्याला पर्वा नाही, असं त्याचं स्वतःबद्दल मत होतं. यवतमाळात राहून ज्याला लोकांच्या हसण्यारडण्याची पर्वा करायची असेल त्यानं खुशाल करावी. इथं कला म्हणजे लग्नपत्रिकेवरचा मोर आणि नाटक म्हणजे गॅदरिंगला मुख्याध्यापकांच्या भाषणाआधी उरलेला वेळ. जिल्हा शालेय एकांकिका स्पर्धेचा तो नऊ वर्षं परीक्षक होता आणि नऊ वर्षांत शंभरेक नाटकुली त्यानं गिळली होती. दारुडा बाप, हुंडा, झाडे लावा, मुलगी शिकवा, आणि शेवटी सगळ्यांनी एका ओळीत उभं राहून प्रेक्षकांना पाजलेले उपदेशाचे डोस. कापसाच्या मिशांचा त्याला विशेष संताप. जिल्हाभर कापूस पिकतो म्हणून तो ओठांवर चिकटवायलाच पाहिजे का? पोरगं बोलायला लागलं की अर्धी मिशी तोंडात जायची, आणि विंगेतून मास्तर ओरडायचे, थुंक, थुंक. मास्तरांबद्दल तर बोलायलाच नको. मारेगावच्या एका महाभागानं शेतकऱ्याच्या खोपटात सोफा ठेवला होता, का म्हणून विचारलं तर म्हणे, संस्थेच्या अध्यक्षांनी स्वतःच्या घरचा दिला, नाही कसं म्हणायचं. सहपरीक्षकही त्याच वाणाचे. विमलताई निवृत्त मुख्याध्यापिका. प्रत्येक नाटकाला त्यांचे डोळे भरून येत आणि कुणाचं मन दुखू नये म्हणून त्या सगळ्यांना सात आणि आठच्या मध्ये गुण देत. सदाशिवराव एका स्थानिक पेपराचे वार्ताहर, ते कानाशी येऊन विचारत, "तुम्ही किती दिले?" आणि त्याहून एक कमी लिहीत. या दोघांच्या मध्ये बसलं की इंद्रजितला आपण फार उंच असल्यासारखं वाटे. वासरात लंगडी गाय शहाणी, हे त्याला कधी कुणी म्हणालं नाही, कारण म्हणायला दुसरी गायच तिथं नव्हती.

त्याची स्वतःची पुस्तिका होती, 'पाच पात्रं, एक खाट'. शाळांसाठी आणि नाट्यशिबिरांसाठी बारा छोट्या एकांकिका. पाचाच्या वर पात्र नाही, खाटेच्या वर नेपथ्य नाही, पडदा नसला तरी चालतो. आज स्पर्धेत अकरा शाळा होत्या आणि त्यांतल्या सात त्याचीच नाटकं करत होत्या. आपणच लिहावं, आपणच गुण द्यावे. गुणपत्रकात 'लेखन' असा रकाना होता आणि त्यात तो स्वतःला दहापैकी नऊ देई, एक नम्रपणासाठी सोडून. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. वाटण्याइतकी अक्कल तरी कुणाला होती? सगळ्यांत चालणारी एकांकिका 'उजाडेल, आई'. तीन वर्षांमागं ती त्यानं लिहिली. कापसाची वाताहत झाली, गावोगाव माणसं फवारणीचं औषध पिऊ लागली, आणि देशाला एकाएकी यवतमाळ नावाचा जिल्हा सापडला. मुंबईदिल्लीच्या गाड्या धुरळा उडवत आल्या, आणि मुलांना हिंमत देईल असं काहीतरी लिहा म्हणून शिक्षण खात्यातल्या कुणीतरी त्याला गळ घातली. त्यानं लिहिलं. बाप गेलेला आहे, आई खाटेशी बसून दीड पान आकांत करते, मुलगा पाटीपुस्तक घेऊन येतो, आईचे डोळे पुसतो, प्रेक्षकांकडे वळतो आणि म्हणतो, उजाडेल, आई, उजाडेल. संपलं. हे नाटक खोटं आहे हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. घरी एकटा असताना ते दीड पान वाचून तो स्वतःच नाक मुरडी. पण हॉलमधल्या बाया त्याला हमखास रडत, आणि आता पुण्याचा एक प्रकाशक पुस्तिका राज्यभरासाठी काढणार होता. आज जी शाळा पहिली येईल ती फेब्रुवारीत नागपूरला जाणार होती, आणि नागपूरला पहिल्या रांगेत तो प्रकाशक बसणार होता. लेखकाचं नाटक रंगमंचावर कसं उभं राहतं ते पाहून मग ठरवू, असं त्यानं फोनवर सांगितलं होतं.

आणि नियम सात. नियम सात त्यानंच घालून घेतला होता. दारव्ह्याकडच्या एका शाळेनं त्याच्या नाटकात, बाप गेल्यानंतर आणि आईच्या आकांताआधी, कोळीनृत्य घातलं होतं, पोरी बसवून तयार होत्या म्हणून. तेव्हापासून नियम: लेखकाची लेखी परवानगी हवी, संवाद बदलला किंवा पात्र वाढवलं तर प्रवेशिका बाद. परवानगीपत्र तो टपालानं देत नसे. ते न्यायला मास्तरांनी स्वतः यावं लागे, त्याच्या बैठकीत उभं राहावं लागे, आणि नाटक कशाशी खातात यावर अर्धा तास ऐकून घ्यावं लागे. तेव्हा कुठं तो मुखवट्याचं चित्र छापलेला कागद काढून सही करी. आत्ता मंचावर असलेल्या शाळेचा मास्तर धम्मरत्न दिवाळीनंतर असाच येऊन गेला. हा मूळचा बोरी अरब गावचा, एकेकाळी इंद्रजितच्याच शिबिरात शिकलेला, आता महागावकडच्या एका आश्रमशाळेवर लागलेला. काळा, किडकिडीत, कमी बोलणारा. नोकरी करतोस ते ठीक, पण आश्रमशाळेची पोरं नाटक काय करणार, असं इंद्रजित त्याला तोंडावर म्हणाला होता, आणि वर बजावलं होतं की एक अक्षर बदलायचं नाही. धम्मरत्न म्हणाला होता, नाही बदलणार सर.

आणि खरंच बदललं नव्हतं! हे इंद्रजितच्या आता ध्यानात येऊ लागलं. मंचावर एक खाट होती, एका काठीला ठोकलेली खुंटी होती आणि खुंटीवर एक दुपट्टा, पुरुष खांद्यावर टाकतात तसला. आईचं काम करणारी पोरगी खाली बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. तिच्या तोंडी त्याचंच दीड पान होतं, स्वल्पविरामासकट. फक्त ती रडत नव्हती. हजेरीला नाव सांगावं तसं ती म्हणत होती, "सोन्यासारखा संसार होता रे देवा." आणि थांबत होती. खाटेवर मांडी घालून बसलेली ती दुसरी पोरगी, जिला पँट-शर्ट घातला होता, खांद्याला शबनम होती, वहीत काहीतरी लिहीत होती, ती विचारत होती, "मग?" आई विचार करून पुढचं वाक्य देत होती, "काळ्या आईनं पाठ फिरवली." लिहून झालं की पुन्हा, "मग?" "आभाळा, तुला माझी दया कशी आली नाही?" यावर ती पोरगी खूश होऊन मान डोलावत म्हणाली, "हं. हे छान आहे. परत म्हणा." आईनं शेंग सोलता सोलता परत म्हटलं. हॉल हसून हसून वेडा झाला. मग त्या पोरीनं वही बाजूला ठेवली, खाली वाकून आईच्या चेहऱ्याकडे अगदी जवळून पाहिलं, डोळ्यांत पाणी आलं का म्हणून, आणि नाराज होऊन म्हणाली, "थोडं रडता येईल का?" आईनं प्रयत्न केला. पदर डोळ्यांना लावला, ओठ वाकडे केले, नाही जमलं. "राहू द्या," ती पोरगी म्हणाली, "ते मी लिहितो." यावेळी हसणं आधीपेक्षा कमी होतं. इंद्रजितनं ते ओळखलं. हसू कधी कमी होतं आणि का होतं, एवढी तरी विद्या त्याच्याजवळ होती.

दीड पानाचा तो आकांत कुणीच कधी केला नव्हता. नाटक लिहायच्या आधी महागावच्या पुढं एका तांड्यावर तो गेला होता, डिसेंबरात, एसटीनं आणि मग जीपनं, उतरल्यावर पानठेल्यावर विचारलं होतं की ते झालं ते घर कोणतं. अंगणात एक बाई तुरीचे सोले काढत बसली होती. रामीबाई. तिला पाहून त्याची पहिल्यांदा निराशाच झाली. बंजारा बाई म्हटल्यावर त्याच्या मनात आरशांची चोळी, बाहीभर पांढरे चुडे, बलोते, असं काहीतरी होतं. ही तर विटलेल्या नायलॉनच्या साडीत. तुमचा तो पोशाख नाही का, असं त्यानं विचारलंसुद्धा. ती म्हणाली, "सासूचा हाय, पेटीत. कायले?" आणि सोले काढत राहिली. नवरा गेल्याला वीस दिवस झाले होते. त्याच्याबद्दल ती तीन वाक्यं बोलली. रात्री जेवला, निजला, सकाळी उठलो तं वावरात पडेल होता. इंद्रजित म्हणाला, मग? ती म्हणाली, मग काय, लोकं आले. तो म्हणाला, मग? असं किती वेळा म्हटलं हे त्यानं मोजलं नव्हतं. कुणीतरी मोजलं होतं, हे उघड होतं. दाराशी एक पोरगी उभी होती, दहा-अकरा वर्षांची, हातात कोंबडीचं पिल्लू. पिल्लू त्याला आवडलं होतं, नाटकात घेण्यासारखं होतं; पण जिवंत पिल्लू शाळांना झेपणार नाही आणि पात्रं पाचाच्या वर न्यायची नाहीत, म्हणून जीपमध्ये परत येताना त्यानं पिल्लू गाळलं, पोरगी गाळली, आणि तिच्या जागी पुस्तक घेतलेला मुलगा घातला. तांडाही गाळला. रामीबाईची केली पाटलीणबाई, तिला नेसवलं नऊवारी, कारण नऊवारी प्रत्येक शाळेच्या पेटीत असते.

या सगळ्यात लाजण्यासारखं काही आहे असं त्याला कधी वाटलं नव्हतं. लेखक असंच करतात. जगभर असंच करतात. तरुणपणी नागपूरला नाटकाचा डिप्लोमा करताना त्याच्या सरांनी हेच शिकवलं होतं, घ्या, जिथून मिळेल तिथून घ्या. त्याच सरांनी शेवटच्या प्रयोगात त्याला एकही भूमिका दिली नाही आणि पडद्याच्या दोरीवर उभं केलं, ती गोष्ट वेगळी. अंधारात दोरी धरून तो दोन अंक उभा राहिला होता आणि उजेडातल्या प्रत्येकाचा त्यानं तिथून मनापासून तिरस्कार केला होता. तो तिरस्कार पुढं त्याला फार उपयोगी पडला. यवतमाळला परतल्यावर बँकेत नोकरी मिळाली, घर झालं, पुस्तिका निघाली, शाली मिळाल्या. तिरस्कार मात्र त्यानं कधी कमी पडू दिला नाही. इतरांना देव असतो, त्याला तो होता. शिबिरात पोरांना तो सांगे, आरशात पाहून अभिनय करू नका, माणसं पाहा. बसतात कशी, खातात कशी, जाताना दारात काय करतात ते पाहा. पोरं वहीत उतरून घेत आणि पुढच्या वर्षी पुन्हा मिशा चिकटवून येत. इतक्या वर्षांत एकानंही पाहिलं नव्हतं.

मंचावर आता जेवण चाललं होतं. आईनं ताटात भाकर आणि सोल्याची भाजी वाढली, आणि ती चष्मेवाली पोरगी खाटेवर बसून खात होती. किती बारकाईनं खात होती! घास घेताना करंगळी वेगळी ठेवून, भाजीत भाकर बुडवण्याआधी एकदा बोटानं चाचपून, आणि तोंड भरलेलं असताना "मग?" हॉलला आता पुरतं कळलं होतं. यवतमाळच्या पोरांना नाटक कळत नसेल, पण घरी येऊन बसणारा पाहुणा कळतो. बहुतेकांची गावं आसपासचीच, तीन वर्षांत कुणाच्या ना कुणाच्या शेजारी अशी वही येऊन बसली होती. विमलताईंनी तोंडावरचा पदर काढला होता. इंद्रजितला आठवलं, त्यानं तीन भाकरी खाल्ल्या होत्या. भाजी खरंच छान झाली होती आणि रामीबाई म्हणाली होती, घ्या अजून. चष्मेवाली पोरगी ढेकर देऊन उठली, हात धुतला, आणि जाता जाता खुंटीपाशी थांबली. इंद्रजितला वाटलं, नाही. हे नाही. हे त्यानं स्वतःलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं. पोरगी खुंटीवरच्या दुपट्ट्याचं टोक दोन बोटांत धरून पाहत म्हणाली, "हा नेऊ का? प्रयोगात लागेल. खरी वस्तू असली की बरं."

असंच तो म्हणाला होता. रामीबाई तेव्हा उठली होती, खुंटीवरून नवऱ्याचा दुपट्टा काढला होता, एकदा झटकला होता, घडी घातली होती आणि दिला होता. जीपमध्ये बसताना त्याच्या मनात आलं होतं की या लोकांना वस्तूंचं काही नसतं, किती सहज देतात. आता मंचावर ती सोलणारी पोरगी उठली, दुपट्टा काढला, झटकला, घडी घातली आणि दिला. कुणी हसलं नाही. हॉलमधलं एक लहान मूल काहीतरी बोललं, त्याला आईनं गप्प केलं. पहिल्या प्रयोगात तो दुपट्टा वापरला होता खरा, त्याला टाळ्याही पडल्या होत्या. मग सव्वीस जानेवारीला कुठल्याशा पोरानं तो शिवाजीच्या मावळ्याच्या कमरेला बांधला. आणि मग तो कुठं गेला, इंद्रजितला माहीत नव्हतं. आत्ताच्या घडीपर्यंत त्याला हे माहीतही नव्हतं की आपल्याला माहीत नाही. त्याला लाज वाटली, साधी, उघडी लाज, चोरी करताना धरलेल्या पोराला वाटते तशी, आणि लाजेच्या पाठोपाठ त्या पोरीचा असा राग आला की त्याचं त्यालाच भ्यायला झालं. चष्मेवाली पोरगी शबनममध्ये दुपट्टा कोंबून निघून गेली. मग पाटीपुस्तक घेतलेला मुलगा आला, त्यानं आईचे कोरडे डोळे पुसले, प्रेक्षकांकडे वळला आणि नियमाप्रमाणे म्हणाला, "उजाडेल, आई, उजाडेल." मग टाळ्या सुरू झाल्या आणि थांबेचनात.

मंचामागच्या खोलीत परीक्षक बसले तेव्हा विमलताईंचे डोळे कोरडे होते. इंद्रजितनं हे नऊ वर्षांत पहिल्यांदा पाहिलं. त्यांनी सरळ नऊ लिहिले आणि म्हणाल्या की यांनाच नागपूरला पाठवू या, दुसरं कोण आहे? सदाशिवरावांनी सवयीनं कान पुढं केला, तुम्ही किती दिले? इंद्रजित म्हणाला, "बाद." आणि फाईलमधून नियमांचा कागद काढून सातव्या नियमाखाली नखानं रेघ ओढली. माझे संवाद ठीक आहेत, मी अक्षर न् अक्षर तपासलं, पण पात्र वाढवलंय. पाचांऐवजी सहा. यात व्यक्तिगत काही नाही. असं तो शुद्ध पुणेरी सुरात बोलला, जो त्यानं नागपूरला कमावला होता आणि जो रागात जास्तच शुद्ध होई. विमलताईंनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "इंद्रजित, माझी सही यावर मिळायची नाही." त्या सहीची गरजही नव्हती, तिघांपैकी दोन सह्या पुरत होत्या, आणि सदाशिवरावांनी पेनाचं टोपण केव्हाच काढलं होतं.

नियमाप्रमाणे शाळेला बोलावून कारण वाचून दाखवावं लागे आणि संघाच्या प्रमुख विद्यार्थ्याची सही घ्यावी लागे. धम्मरत्न आला, सोबत ती पोरगी. चष्मा काढला होता, शर्ट तोच होता, तेल लावलेल्या वेण्या आता पाठीवर सोडल्या होत्या. मंचावर इंद्रजितला ती मोठा माणूस वाटली होती. जवळून ती चौदा वर्षांची एक पोरगी निघाली, गालावर काळ्या पेन्सिलीची पुसट दाढी. दीपमाला, धम्मरत्ननं नाव सांगितलं. मग त्यानं, कुणी न विचारता, सांगून टाकलं की पुस्तिका वर्गात वाचली तेव्हा ही उभी राहिली आणि म्हणाली, सर हे आमच्या घरचं हाय, पण असं नोतं झालं. मग कसं झालं होतं ते करून दाखव, असं मी म्हटलं. हिनं करून दाखवलं. तुम्हीच शिकवलं होतं सर, पाहिलं ते करा. तो हे आवाज न चढवता बोलला, आणि इंद्रजितला त्या न चढलेल्या आवाजाची सगळ्यांत जास्त चीड आली. हिची आई इथं आली आहे का, असं त्यानं विचारलं. धम्मरत्न म्हणाला, नाही, वेचणीवर आहेत. पण नागपूरचं जमलं तर येतो म्हणाल्या, त्यांनी नागपूर पाहिलेलं नाही. पोरीनं यावर पहिल्यांदा मान वर केली. तिला नागपूरला जायचं होतं, हे तिच्या चेहऱ्यावर इतकं उघड होतं की इंद्रजितला खिडकीकडे पाहावं लागलं.

एका वाक्यात सगळं सुटलं असतं. पात्र वाढवलंय पण मला चालतं, लेखक म्हणून माझी परवानगी आहे, एवढं म्हटलं की झालं. परवानगी द्यायचा हक्क त्याचा एकट्याचा होता. ते वाक्य त्याच्या जिभेवर आलंही. मग त्याला नागपूरचा हॉल दिसला, याच्या तिप्पट मोठा, पहिल्या रांगेत पुण्याचा तो माणूस, त्याच्या मागं आपले जुने सर, आणि मंचावर ही पोरगी करंगळी वेगळी ठेवून भाकर खाते आहे. त्यानं कागद पुढं ओढला. कारणाच्या रकान्यात स्वच्छ अक्षरात एक ओळ लिहिली आणि कागद पोरीकडे सरकवला. तिनं तो दोन्ही हातांनी धरून ओठ हलवत वाचला. धम्मरत्ननं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, कर सही. तिनं टेबलावर वाकून पूर्ण नाव लिहिलं, दीपमाला धनसिंग राठोड. धनसिंग हे नाव इंद्रजितनं तीन वर्षांत एकदाही उच्चारलं नव्हतं; नाटकात त्यानं त्याचा वामनराव केला होता. पेन परत ठेवून ती जायला वळली आणि दारातून पुन्हा मागं आली. रागावलेली नव्हती. गणितात सरांकडून एखादा आकडा राहिला तर पोरं उभी राहून सांगतात, तशी उभी राहिली.

"सर, तो माणूस आमी वाढोला नाही," ती म्हणाली. "तो पयलेपासून होताच घरात. तुमीच त्याले लिवलं नाही."

"कोणी शिकवलं तुले हे बोलाले?" इंद्रजित म्हणाला, आणि आपल्याच तोंडून आलेली वऱ्हाडी ऐकून चपापला. विमलताई भिंतीकडे पाहत होत्या. पोरीला प्रश्न खरा वाटला असावा, कारण ती थोडा विचार करून म्हणाली, "कोणी नाही. मी दारात होतो." मग धम्मरत्न तिला घेऊन गेला, बाहेर पोरं मंचावरची खाट उचलत होती आणि त्यांना अजून काही ठाऊक नव्हतं.

इंद्रजितनं तिचा तिरस्कार करून पाहिला. मग धम्मरत्नचा, विमलताईंचा, या गावाचा. इतकी वर्षं जो हाक मारताच धावून येत होता तो आज येईना. सदाशिवरावांनी सही करून कागद त्याच्यापुढं ठेवला आणि विचारलं, मग पहिला कुणाला द्यायचा? कागदावर त्याच्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'लेखक हे पात्र मूळ संहितेत नाही.' ते खरं होतं. त्यानं खाली सही केली.